लॅम्ब होमचे इटालियन चॅपल कसे पाहावे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपैकी लॅम्ब होमवर गेल्यास हे छोटे कॅथलिक प्रार्थनामंदिर पाहण्याआधी तेथवर नेणारा काँक्रीटचा बांध नीट न्याहाळावा, कारण ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवल्यानंतर घातलेल्या या बांधांच्या कामावर जे इटालियन युद्धकैदी राबले, त्यांच्याचसाठी हे मंदिर उभे राहिले.

देखण्या दर्शनी भागावरून थेट आत शिरू नये. बाजूने फेरी मारल्यास पत्र्याच्या दोन अर्धगोल बराकी एकमेकींना जोडलेल्या दिसतात, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच कळतो. आत भिंतींवरच्या विटा आणि कोरीवकाम जवळून पाहावे. ते सारे सपाट प्लास्टरबोर्डवरचे रंगकाम आहे. वेदी काँक्रीटची आहे, तर दिव्यांसाठी बीफचे रिकामे डबे वापरले होते. वेदीमागची मेरीमाता डोमेनिको किओकेट्टी या युद्धकैदी चित्रकारांनी जवळ जपलेल्या लहानशा चित्रावरून रंगवली. शेवटी बाप्तिस्म्याच्या पात्रापाशी थांबावे: १९४४ मध्ये सोबती निघून गेल्यावरही ते पूर्ण करण्यासाठी किओकेट्टी मागे राहिले होते.