इंधनाच्या कार्बनचा हिशेब: या चुका टाळा

लोटे परशुरामची रसायनं असोत की मिरजोळ्याची मासळी, परदेशी ग्राहक आता दराबरोबर हेही विचारतो की तुमच्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड किती गेला. सूत्र सोपं आहे: जळालेलं इंधन गुणिले उष्मांक (वजनामागे मिळणारी उष्णता) गुणिले उत्सर्जन घटक (त्या उष्णतेमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड). गुणाकार एक्सेल करतं. चुकतात ते आत भरलेले आकडे, आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट नडते. वजन एका आधारावरचं घेतात, उष्मांक दुसऱ्याच.

ओला कोळसा, कोरडा उष्मांक

इंडोनेशियन कोळशाच्या लॅब रिपोर्टवर दोन रकाने असतात, ‘ॲज रिसीव्हड’ (आला तसा) आणि ‘एअर ड्राइड’ (हवेत सुकवलेला). काट्यावर जे वजन होतं ते ओलाव्यासकट, म्हणजे पहिल्या रकान्याचं. शीटमध्ये मात्र दुसऱ्या रकान्यातला उष्मांक जातो, कारण रिपोर्टात तोच ठळक असतो. समजा एकूण ओलावा ३५ टक्के आणि एअर ड्राइड नमुन्यातला १५. मग खरा उष्मांक एअर ड्राइड आकड्याच्या ६५/८५, म्हणजे साधारण ७६ टक्केच. तुमचं उत्सर्जन कागदावर ३० टक्के फुगलं!

कोकणात याला पावसाची जोड. ताडपत्री फाटते, ढीग भिजतो आणि जुलैअखेरच्या मोजणीत कोळसा ‘वाढलेला’ निघतो. शिल्लक जास्त म्हणजे वापर कमी, आणि तिमाहीचं उत्सर्जन आपोआप घटलं. यावर उपाय म्हणजे शिल्लक मोजाल त्याच दिवशी ढिगाच्या पोटातला नमुना काढून ओलावा तपासा आणि वजन खरेदीच्या वेळच्या ओलाव्यावर आणा. शिवाय दर महिन्याला एक टन कोळशात किती टन वाफ निघाली ते बघा. ऐन पावसात हे गुणोत्तर एकदम सुधारलेलं दिसलं, तर बॉयलरवाल्याची पाठ थोपटण्याआधी ढिगावर जाऊन या.

ग्रॉस की नेट?

आपल्याकडे कोळशाचा रिपोर्ट आणि गॅसचं बिल सहसा ग्रॉस उष्मांकावर असतं, म्हणजे धुरातली पाण्याची वाफ थंड होताना मिळेल ती उष्णताही धरून. आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचे) घटक नेटवर आहेत, म्हणजे ती उष्णता वगळून. नैसर्गिक वायूसाठी ५६.१ टन प्रति टेराज्यूल (उष्णतेचं एकक) हा घटक बिलातल्या ऊर्जेला तसाच लावला तर उत्तर सुमारे १० टक्के जास्त येतं. कोळसा आणि तेलात फरक ५ टक्क्यांच्या आसपास.

लिटर, किलो आणि डिझेलचं बिल

उष्मांक आधीच धरून दिलेला फर्नेस ऑइलचा ३.१३ टन हा घटक तेलाच्या टनामागे आहे, किलोलिटरमागे नाही. डिझेलला लिटरमागे साधारण २.६८ किलो धरतात. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही नाही, मग एवढा वायू कुठून, असं अकाउंट्समधून हमखास विचारलं जातं. जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. १२ भाग कार्बनचे ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतात. (लॅबने दिलेली कार्बनची टक्केवारीच उत्सर्जन म्हणून लिहिलेल्या शीट्सही असतात. तिला ४४/१२ ने गुणायचं राहिलेलं असतं.)

आणि बिल म्हणजे वापर नव्हे. जूनमध्ये वीज जाणार म्हणून मेमध्येच बॅरल भरून ठेवतात. त्यामुळे सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा अखेरची शिल्लक, हाच वापर. जनरेटरच्या तासांशी तो एकदा ताडून बघा.

चिमणीचा रिपोर्ट

चिमणीच्या रिपोर्टवरचे कार्बन डायऑक्साइडचे १२ टक्के म्हणजे त्या तासाचं धुरातलं प्रमाण. ज्वलन नीट चाललंय का, हे कळायला ते उपयोगी. वर्षाचे टन त्यातून निघत नाहीत.

काजूची टरफलं ‘शून्य’ नाहीत

वेंगुर्ला-सावंतवाडीकडे बॉयलरला टरफलं घालतात आणि शीटवर ती ओळच नसते. जैवइंधनाचा कार्बन डायऑक्साइड एकूण बेरजेत धरत नाहीत हे खरं, पण तो वेगळा दाखवावा लागतो, आणि मिथेन व नायट्रस ऑक्साइड बेरजेतच येतात. टरफलं आणि कोळसा एकाच भट्टीत जात असतील तर दोघांचं वजन वेगळं लिहा. लॉगबुकात नुसतं ‘मिक्स’ लिहिलेलं असलं, तर पडताळणीला आलेला माणूस सगळाच कोळसा धरायला मोकळा.