कोकणातील आपल्या गावाचा स्वातंत्र्यलढा घरच्या कागदांवरून कसा शोधावा

गावाच्या इतिहासाची सुरुवात सहसा पुढाऱ्यांच्या नावांनी होते. माझ्या मते ती माळ्यावरच्या पेटीपासून व्हायला हवी. पावसाळ्यात कागद दमट होऊन घडीवरच फाटतात, म्हणून पेटी उन्हाळ्यातच उघडावी, कागद सावलीत पसरावेत आणि घडी न ताणता प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे.

बरेच कागद मोडी लिपीत असतील. अंदाजाने अर्थ लावण्यापेक्षा जाणकाराकडून ते अक्षरशः वाचून घ्यावेत. शके दिले असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. शकवर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी मात्र ७९ मिळवावे लागतात.

सर्वांत जास्त वेळ खोतीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या खोताच्या वतनाच्या, कागदांना द्यावा. 'अर्धेल' हा शब्द दिसला, की कुळाच्या खळ्यावरचे निम्मे भात खोताच्या घरी जात होते, असे समजावे. सारावसुलीसाठी इंग्रज सरकारने हीच व्यवस्था हाताशी धरली आणि १८८० च्या कायद्याने तिला चौकट दिली. त्यामुळे रत्नागिरीच्या कुळाला परके राज्य भेटले ते बहुधा आपल्याच गावच्या माणसाच्या रूपात. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. ती प्रत्यक्षात गेली १९४९ च्या कायद्याने. आपले घराणे खोताचे असले, तरी ही बाजू गाळू नये. ती गाळून लिहिलेला इतिहास कुळांच्या नातवंडांना आपला वाटणार नाही, आणि ते योग्यच ठरेल.

त्यानंतर मीठ आणि जंगल यांकडे वळावे. शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे मारली गेली. आपल्या गावातून तेथे कोणी गेले होते का, एवढाच प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारून थांबू नये. घरात मीठ कोठून येई, लाकूडफाटा कोण आणी, जंगलाच्या रखवालदाराला काय द्यावे लागे, हे विचारावे. अशा प्रश्नांनी आजींना सासूने सांगितलेल्या गोष्टी आठवू लागतात.

सांगणारीचे शब्द मालवणीत किंवा आगरीत असतील, तर तसेच उतरवावेत, खाली तारीख घालावी आणि लिहिलेले तिला एकदा मोठ्याने वाचून दाखवावे.