‘बग’ शब्दाचा अर्थ लावताना या चुका टाळा

किडा, संगणकातला दोष, खोलीत लपवलेला मायक्रोफोन, पोट बिघडवणारा जंतू, एखाद्या गोष्टीचं वेड आणि वर ‘डोकं खाणं’ या अर्थाचं क्रियापद. इंग्रजीतल्या ‘बग’ या एवढ्याशा शब्दाने किती संसार मांडलेत! त्या सगळ्यांना एकाच सुतात ओवायचा मोह झाला की गडबड सुरू होते.

सगळ्यात जास्त पसरलेली चूक म्हणजे पतंग या किड्याची गोष्ट. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क टू या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, एक पतंग अडकलेला सापडला. त्या संगणकावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर यांनी तो शोधून काढला आणि तेव्हापासून संगणकातल्या चुकीला ‘बग’ म्हणू लागले, असं ठोकून दिलं जातं. पतंग खरा आहे. नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवलेला तो किडा अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण त्याच्याखाली लिहिलेलं वाक्य नीट वाचा: ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना.’ यातला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द सगळं सांगून जातो. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ आधीपासूनच म्हणत होते, म्हणून तर खराखुरा किडा सापडल्यावर लिहिणाऱ्याला विनोद सुचला. थॉमस एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक अडचणींसाठी हाच शब्द वापरलाय. आणि पतंग हॉपर यांना सापडला नव्हता. त्या फक्त हा किस्सा रंगवून सांगत, आणि शोधाचं श्रेय त्यांनी कधी घेतलंही नाही.

दुसरी चूक जुन्या मजकुरात होते. १५३५ मध्ये कव्हरडेल या भाषांतरकाराने इंग्रजीत आणलेल्या बायबलमध्ये, ९१व्या स्तोत्रात, रात्रीच्या ‘बग’ना भिऊ नकोस असं आश्वासन आहे. आजचा वाचक तिथे डास-ढेकूण पाहतो. तिथे अर्थ आहे भूत, बागुलबुवा. त्या काळी ‘बग’ म्हणजे भीती घालणारी काहीतरी अदृश्य वस्तू. किडा हा अर्थ लेखी सापडतो तो पुढे सतराव्या शतकात. मग भुताचा किडा झाला का? काही अभ्यासक तसं मानतात. काहींना शेणकिड्याच्या जुन्या इंग्रजी नावातल्या ‘बुड्डा’ या शब्दाचा संशय येतो. वेल्श भाषेत भुतासाठी ‘बुग’ आहे, पण तो इंग्रजीने तिथून घेतला की तिथे दिला, यावरही एकमत नाही. तेव्हा ‘मूळ अमुक’ असं एका ओळीत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता बागुल आणि बग कानाला जवळचे वाटतात म्हणून त्यांचं गोत्र जुळवायला जाल, तर तेही नको. पोरांना घाबरवायचे शब्द अनेक भाषांत ब-भ-म वर चालतात.

भाषांतरात मात्र चुका मजेदार होतात. ‘खोली बग केली होती’ (म्हणजे तिथे मायक्रोफोन लपवला होता) याचं ‘खोलीत ढेकूण झाले होते’ असं झालेलं दिसलं, तर समजा की भाषांतरकाराने शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला. पोटातला ‘बग’ म्हणजे जंत नव्हे, संसर्ग. प्रवासाचा ‘बग’ चावला म्हणजे फिरण्याचं वेड लागलं. ब्रिटनमधल्या जुन्या लेखनात नुसता ‘बग’ बहुधा ढेकूणच असतो, तर अमेरिकेत कुठलाही किडा. प्राणिशास्त्रात आणखी वेगळा हिशेब: तिथे ‘खरे बग’ म्हणजे सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकांचा एक गट. ढेकूण आणि मावा त्यात बसतात, झुरळ बसत नाही. कोळी तर मुळात कीटकच नाही. म्हणून शास्त्रीय मजकुरात सरसकट ‘किडा’ लिहू नका.

चांगल्या कोशात एकाच स्पेलिंगच्या शब्दांना वर लहान आकडे देऊन वेगळ्या नोंदी केलेल्या असतात. त्या आकड्यांकडे दुर्लक्ष करू नका. संपादकांनी ते शब्द वेगवेगळे मानलेत, असा त्याचा अर्थ.

नुसत्या दिसण्यावरून आणखी नातेवाईक गोळा करायचे असतील, तर दोन नावं आधीच खोडून टाका. ‘बिगुल’चा बगशी काही संबंध नाही, तो लॅटिनमधल्या तरुण बैलाच्या नावावरून आलाय, कारण मुळात ते शिंगाचं वाद्य. घोड्याची ‘बग्गी’ कुठून आली हे कोशही सांगत नाहीत, आणि चुकांनी भरलेल्या सॉफ्टवेअरला लावतात ते ‘बगी’ हे विशेषण तर सरळ ‘बग’वरूनच बनलेलं, पार वेगळं.