शारीरिक तपासणीची नोंद: केसपेपरसाठी टेम्प्लेट कसे तयार करावे

धुळे, जळगाव किंवा नंदुरबार जिल्ह्यातील गर्दीच्या ओपीडीत तपासणीच्या नोंदीसाठी आयते टेम्प्लेट वापरण्यात गैर काही नाही. मात्र त्यात प्रश्न असावेत, उत्तरे नसावीत. 'छाती स्वच्छ, पोट मऊ' असा मजकूर आधीच भरलेला असला की घाईत तो तसाच राहतो आणि मग डावा पाय कापलेल्या रुग्णाच्या कागदावरही 'दोन्ही पावलांच्या नाड्या लागतात' असे छापून येते. त्यामुळे प्रत्येक अवयवसंस्थेपुढे 'सामान्य', 'दोष आढळला' आणि 'तपासले नाही' असे तीन पर्याय द्यावेत व सुरुवातीला त्यांपैकी एकही निवडलेला नसावा. 'तपासले नाही' असे लिहिण्यात अनेकांना कमीपणा वाटतो, पण न केलेल्या तपासणीपुढे 'सामान्य' लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

नाडी, रक्तदाब, श्वसनगती, तापमान आणि ऑक्सिजनचे प्रमाण यांचे रकाने सर्वांत वर, केवळ आकड्यांसाठी ठेवावेत.

त्यापुढील रकाने आपल्या भागातील आजार पाहून ठरवावेत. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांच्या आदिवासी वस्तीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तेथील बालरुग्णांच्या टेम्प्लेटमध्ये फिकटपणा, कावीळ आणि प्लीहा (पोटात डावीकडे असणारी पानथरी) यांना स्वतंत्र ओळ हवी, आणि प्लीहेपुढे 'वाढलेली' हा शब्द पुरेसा न मानता 'डाव्या बरगडीच्या कडेखाली ___ सेंमी' अशी मोकळी जागा असावी. एरवी ३ सेंमी लागणारी प्लीहा अचानक ६ सेंमी लागली आणि मूल पांढरेफटक दिसू लागले, तर प्लीहेत रक्त साचत असल्याची शंका तत्काळ घेता येते. मात्र त्यासाठी आधीचा आकडा लिहिलेला असावा लागतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी दंडाच्या घेराचा रकाना ठेवावा, कारण ११.५ सेंमीपेक्षा कमी घेर हे तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते.

कापसावरील फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेसाठी वेगळे टेम्प्लेट ठेवणे श्रेयस्कर. डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये, लाळ, घाम, स्नायूंचे फडफडणे, छातीतील घरघर आणि नाडीची गती एवढे त्यात पुरते. पण ॲट्रोपिन (या विषबाधेवरील उताऱ्याचे औषध) सुरू असताना हीच तपासणी पुन:पुन्हा होत असल्याने प्रत्येक नोंदीवर वेळ लिहिणे सक्तीचे करावे. अशा रुग्णाच्या बाबतीत मागील नोंद जशीच्या तशी पुढे नेण्याची सोय बंदच ठेवावी, कारण सकाळच्या बारीक बाहुल्या संध्याकाळच्या कागदावर उतरल्या, तर डोस ठरवणाऱ्याची दिशाभूल होते.

रुग्ण अहिराणीत जे सांगतो, ते त्याच्याच शब्दांत तक्रारीच्या रकान्यात लिहावे. तपासणीच्या रकान्यात केवळ डॉक्टरांना दिसलेले, हाताला लागलेले किंवा ऐकू आलेले नोंदवावे. शेवटी मोकळ्या मजकुरासाठी दोन ओळी, तपासणाऱ्याचे नाव आणि सही असावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात, म्हणून छापील प्रतीत सर्व रकाने, रिकामे राहिलेलेसुद्धा, दिसतील याची खात्री करून घ्यावी.