जिल्हा न्यायालयात पहिलं अपील: निकालाच्या दिवसापासूनची तयारी

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे वाटपाच्या दाव्याचा निकाल विरोधात गेलाय, असं धरून चालू. पहिलं काम निकालपत्राच्या प्रमाणित नक्कलेचा अर्ज. त्याच दिवशी. वकिलांशी चर्चा, घरच्यांशी सल्लामसलत, अपील करायचं की नाही हा निर्णय, सगळं त्यानंतर. अर्ज केला म्हणून अपील करावंच लागतं असं नाही.

अपिलाची मुदत निकालापासून फक्त 30 दिवसांची. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस मुदत कायद्याच्या कलम 12 खाली वगळले जातात आणि याच भरवशावर लोक निवांत बसतात. हिशेब बघा. निकाल 3 जूनला, अर्ज 5 जूनला, नक्कल 20 जूनला तयार. हे 16 दिवस वगळले की शेवटची तारीख 19 जुलै, म्हणजे नक्कल मिळाल्यावर 29 दिवस. तोच अर्ज 28 जूनला केला आणि तितकेच दिवस लागले, तर शेवटची तारीख तीच राहते, पण नक्कल 13 जुलैला येते आणि हातात उरतात 6 दिवस. 3 जुलै उलटल्यावर अर्ज केला तर एकही दिवस वगळला जात नाही. वगळणूक नक्कल तयार झाल्याच्या तारखेपर्यंतच असते; त्यानंतर ती नक्कल विभागात पडून राहिली तर ते दिवस तुमच्या मुदतीतून जातात. नकलेवरच्या तारखा तिथेच उभं राहून वाचा. हुकूमनामा (निकालावरून कोर्ट वेगळा काढतं तो औपचारिक आदेश, डिक्री) अजून निघाला नाही म्हणून थांबायचं नाही. अर्जाआधी हुकूमनामा काढण्यात गेलेला वेळ वगळत नाहीत, आणि अपील निकालपत्राच्या नकलेवर दाखल होतं. म्हणून पुन्हा सांगतो: नक्कलेचा अर्ज आधी.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाने 1987 च्या कातिजी निकालात अशा अर्जांकडे उदार नजरेने बघायला सांगितलंय, हे खरं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 41 नियम 3अ नीट वाचा: उशिरा आलेलं अपील ऐकायचं असं कोर्ट ठरवत नाही तोवर स्थगितीही देता येत नाही. तिकडे समोरच्याची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालू राहते. शेतजमीन असेल तर वाटपाचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मोजणी होते. नुसतं अपील दाखल झाल्याने काहीही थांबत नाही; स्थगितीचा वेगळा अर्ज अपिलासोबतच द्या. नक्कल यायची असेल तर मुदत संपण्याआधी निकाल देणाऱ्या कोर्टाकडेच तात्पुरती स्थगिती मागता येते.

वकीलपत्र, कोर्ट फी: ठरलेलं. पक्षकार मात्र तपासा. वाटपाच्या दाव्यात एक बहीण जरी वगळली गेली तरी अपील अडचणीत येतं. कोणी वारलं असेल तर वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर घ्या.

अपिलाच्या मुद्द्यांत ‘निकाल बेकायदेशीर आहे’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या साक्षीदाराचा उलटतपास, कोणती निशाणी (पुराव्यातला क्रमांक दिलेला कागद), निकालाच्या कोणत्या परिच्छेदात दुर्लक्षिली, ते लिहा. पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही नव्याने तपासले जातात. संतोष हजारी (2001) निकाल तेच सांगतो. निवाडा जोडताना तो आजही टिकून आहे का बघा. मुलीच्या हिश्श्यासाठी वडील 9 सप्टेंबर 2005 रोजी (हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी) हयात हवेत, हे फुलावती निकालाचं म्हणणं 2020 मध्ये विनीता शर्मा निकालाने रद्द केलं. जुना निवाडा घेऊन उभं राहिलात तर बहिणीचा हिस्साच हातचा जाईल.

नवीन कागद दाखल करायचा असेल तर ऑर्डर 41 च्याच नियम 27 खाली अर्ज, आणि तो आधी का दिला नाही याचं कारण. समोरचे नोटीस मिळाल्यापासून महिन्याभरात उलट हरकती, म्हणजे निकालातल्या त्यांच्या विरोधातल्या भागावर आक्षेप, घेऊ शकतात. युक्तिवादाची लेखी टिपणं द्या. पुढचं दुसरं अपील उच्च न्यायालयात, मुदत 90 दिवस, नक्कलेचा अर्ज तेव्हाही निकालाच्याच दिवशी. तिथे साक्षीपुरावा पुन्हा तोलत नाहीत, कायद्याचा भरीव प्रश्न लागतो आणि तो अपिलाच्या मेमोत (अपील अर्जात) नेमका लिहावा लागतो.