ऑइल कॅच कॅनचे पाइप आणि फिटिंग : या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात समृद्धीवरून परत आलो आणि सवयीने बॉनेट उघडलं. कॅच कॅन, म्हणजे इंजिनमधून येणाऱ्या वाफांतलं तेल अडवून साठवणारा छोटा डबा, उघडून पाहिला तर आत जेमतेम ओल. मनात म्हटलं, इंजिन मस्त आहे आपलं. मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि हाताला तेल लागलं. कॅन कोरडा आणि फिल्टरच्या डब्यात तेल, ही जोडी दिसली की समजायचं, पीसीव्हीकडची, म्हणजे इंजिनच्या आतल्या वाफा मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांकडे) सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडची वाट बंद आहे. त्या वाफांना बाहेर पडायला जागा लागतेच. मग त्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिन आणि एअर फिल्टरची बाजू जोडणाऱ्या पाइपातून उलट्या येतात.

दोष कॅनला जोडलेल्या पाइपाचा होता. वरून स्टीलच्या जाळीचा, दिसायला एकदम झकास. काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून जाळीपासून सुटलं होतं, जिथे वळण होतं तिथे चिकटून बसलं होतं, नखाने ओढलं तर च्युइंगगमसारखं लांबलं. जाळीमुळे बाहेरून काहीच कळलं नव्हतं.

घेताना दुकानदार म्हणाला होता, "काही नाही होत भाऊ, तीनशे पीएसआयचा पाइप हाय." खरं असेल. पण इथे दाब नसतो, खेच असते. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ बारची खेच असते. आतून ढकलणाऱ्या दाबाला पुरून उरणारा पाइप खेचीने चपटा होऊ शकतो, त्यातून नागपूरचं ४५ अंशांचं ऊन आणि बॉनेटखालची भट्टी. म्हणून विचारायचं ते हे : व्हॅक्यूमला चालतो का, आणि आतलं अस्तर कशाचं आहे?

अस्तर नायट्रिल असेल तर चालेल, एफकेएम म्हणजे व्हायटॉन असेल तर उत्तम. पाइपावर एसएई ३०आर७ किंवा ३०आर९ (इंधनाच्या पाइपांची मानकं) छापलेलं असेल तर निम्मी काळजी मिटली. हीटरचा किंवा रेडिएटरचा पाइप लावू नका. तो बहुधा ईपीडीएम रबराचा असतो, पाण्याला पक्का, पण तेल लागलं की फुगतो. निळा-लाल सिलिकॉन पाइप फोटोत छान दिसतो. साध्या सिलिकॉनमधून मात्र तेल हळूहळू बाहेर पाझरतं आणि कालांतराने पाइप लिबलिबीत होतो. सिलिकॉनच हवा असेल तर आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेला घ्या.

आता माप. किटमध्ये आलेलं फिटिंग तसंच बसवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एएन ही फिटिंगच्या मापाची पद्धत, तिचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग : एएन-६ म्हणजे साडेनऊ मिमी, एएन-१० म्हणजे जवळपास १६ मिमी. कंपनीचा ब्रीदर पाइप १९ मिमीचा असेल आणि तुम्ही रेड्यूसर लावून एएन-६ वर आणलात तर वाट निम्मी नाही, पावच उरते. निप्पलचं आतलं भोक तर त्याहूनही लहान. व्हर्नियर घेऊन मूळ पाइप मोजा आणि नवा निदान तेवढा तरी ठेवा.

आट्यांचं दुखणं वेगळंच. आपल्याकडे हायड्रॉलिकच्या दुकानात बहुतेक बीएसपी (ब्रिटिश आटे) मिळतं, बाहेरून मागवलेल्या कॅनवर अनेकदा एनपीटी (अमेरिकन आटे) असतं. अर्धा इंचात दोन्हीचे इंचाला १४ आटे, म्हणून दोन-तीन फेरे आरामात बसतात आणि मग अडतात. कोन वेगळा असतो, ५५ आणि ६० अंश. पाना लावून जोर केला तर अॅल्युमिनियमचा कॅन तडकतो. आणि टेफ्लॉन टेप फक्त निमुळत्या आट्यांना. एएनच्या फ्लेअरला (शंकूसारख्या तोंडाला) टेप लावायचं काम नाही, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं.

क्लिप आवळताना रबर क्लिपच्या खाचांतून वर आलं की थांबा. मऊ पाइपाला गुळगुळीत पट्टीची फ्युएल इंजेक्शन क्लिप बरी.

पाइप कॅनकडे उतरता ठेवा. मध्ये झोळ पडला की तिथे तेल-पाणी साचतं. डिसेंबर-जानेवारीत धरमपेठ ते सीताबर्डी एवढ्याच फेऱ्या असतील तर कॅनमध्ये ताकासारखं पांढरं निघेल. ती बहुतेक वाफ थंड होऊन तेलात मिसळलेली असते. कूलंट कमी होत असेल तरच मेकॅनिककडे पळा.

कॅनला वर छोटा फिल्टर लावून वाफा हवेत सोडणारेही आहेत. मला ते पटत नाही. धूर आणि वास तर येतोच, पण मॅनिफोल्डकडची बाजू उघडी राहिली तर सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते, आयडल हलतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. आयडलला सुस्स असा आवाज ऐकू आला तर आधी जोड तपासा.

टर्बो गाडीत मॅनिफोल्डकडच्या पाइपात एकदिशा व्हॉल्व्ह लागतो आणि त्यावरचा बाण मॅनिफोल्डकडे हवा. उलटा बसला तर खेच कॅनपर्यंत पोचतच नाही, आणि बूस्ट (टर्बोचा दाब) आला की तो थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात घुसतो.

सगळं बसवून झालं की गाडी गरम करा, आयडलवर ठेवा, तेलाचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. पिशवी हलकी आत ओढली गेली पाहिजे. फुगली तर कुठेतरी वाट अडली आहे, आणि माझ्यासारखं एअर फिल्टर भिजेपर्यंत थांबू नका.