नवी कलमं हिवाळ्यात का वाळतात? कोकणातल्या बागायतदारांनी या चुका टाळा

पावसाळ्यात लावलेलं आंब्याचं कलम, जायफळाचं किंवा लवंगेचं रोप दिवाळीपर्यंत टवटवीत दिसतं आणि जानेवारीत उभ्याउभ्या वाळतं. दोष थंडीला दिला जातो. पण रत्नागिरी-देवगडच्या किनाऱ्यावर या दिवसांत रात्रीचा पारा साधारण 17 ते 20 अंशांवर असतो. दापोलीच्या बाजूला तो आणखी उतरतो, तरी एवढ्या थंडीने आंबा मरत नाही. रोप मरतं ते कोरडेपणाने. पाऊस ऑक्टोबरात जातो तो जूनपर्यंत फिरकत नाही, दुपारी पारा तिशी ओलांडतो, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात आणि जांभ्याची माती पाणी फार दिवस धरत नाही. कलमाची मुळं तर अजून खड्ड्याबाहेरही गेलेली नसतात. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात रोप जपणं म्हणजे त्याची ओल जपणं.

यातली सर्वांत घातक चूक म्हणजे रोपावर प्लास्टिक किंवा खताची रिकामी गोणी चढवणं. हा उपाय कडाक्याच्या थंडीत दव गोठणाऱ्या मुलखातला. इथे त्या पिशवीत दुपारी कोवळी पालवी अक्षरशः शिजते आणि रात्री दमटपणा कोंडून बुरशी धरते. त्यापेक्षा माडाच्या पातींचा विणलेला झाप बांधा, तोही योग्य बाजूला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो. भर दुपारीसुद्धा तो आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम 50 अंशांवर असतो. त्यामुळे नुसत्या डोक्यावरच्या मांडवाखाली ऊन तिरपं शिरतं आणि खोड भाजतं. झाप दक्षिण आणि पश्चिम अंगाला उभा करा, पूर्वेकडून सकाळचं कोवळं ऊन येऊ द्या. जायफळ आणि लवंगेला पहिली काही वर्षं अर्धी सावली लागतेच. माडांच्या बागेत लावली असतील तर ही चिंता बरीच कमी.

पाण्याच्या बाबतीत शेजाऱ्याचं बघून पाणी घालू नका. पुळणीच्या वाळूत पाणी लगेच निथळतं, तिथे थोडंथोडं पण वरचेवर द्यावं लागतं. कातळ फोडून केलेल्या खड्ड्याचं नेमकं उलट आहे: चारी बाजूंनी दगड, पाणी जायला वाट नाही. तिथे रोज बादली ओतली की मुळं कुजतात आणि वर पानं पिवळी पडतात. ती पिवळी पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो, हे सगळ्यात वाईट. पाणी देण्याआधी आळ्यात वीतभर खोल उकरून माती चिमटीत दाबा. गोळा होत असेल तर त्या दिवशी पाणी नको. रोज जाणं जमत नसेल तर खोडापासून हातभर अंतरावर भाजलेलं पण पाझरणारं मातीचं मडकं पुरा आणि आठवड्यातून एक-दोनदा ते भरा. पाणी मुळांपाशी झिरपतं, वाया जात नाही.

आळ्यात पेंढा किंवा पालापाचोळा जरूर पसरा, पण तो खोडाला चिकटवू नका. सुक्या पेंढ्याला वाळवी येते आणि तिथून ती सालीवर चढते. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, अधूनमधून पेंढा उचलून बघा.

काही कलमं पहिल्याच हिवाळ्यात मोहरतात, कारण खुंटावर बांधलेली काडी मोठ्या, फळणाऱ्या झाडाची असते. मोहर बघून जीव सुखावतो, खुडायला हात धजत नाही. तरी पहिली तीन वर्षं तो खुडाच. रोपाची ताकद फळात गेली की मुळं मागे पडतात.

भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात आणि हिरवं म्हणून कलमच दिसतं. दगडी गडगा नसेल तर काट्यांचं कुंपण घाला. वणव्यासाठी बागेच्या कडेने रुंद पट्टा नोव्हेंबरातच साफ करा. गवत वाळल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

एवढं करूनही रोप मलूल दिसलं, तर भल्या सकाळी जाऊन बघा. दुपारी मान टाकून सकाळी ताठ होणाऱ्या रोपाला उन्हाचा त्रास आहे, सावली वाढवा. सकाळीही पडलेलंच असेल तर माती बघा: कोरडी असेल तर पाणी द्या, ओली असेल तर मुळं कुजताहेत, पाणी थांबवा. माती ठीक वाटली तर वाळवी शोधा. सगळी पानं गळली तरी लगेच उपटू नका. काडी आणि खुंट जिथे जुळतात त्या जोडाच्या वर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत आहे. फुटवे फक्त जोडाखालून येत असतील तर वरचं कलम गेलं, उरलं ते खालचं रायवळ, म्हणजे बीपासून वाढलेलं खुंट. तेही जपा, पुढच्या पावसाळ्यात त्याच खुंटावर पुन्हा कलम बांधता येतं.